दोन्ही पाय एकदम

टांडापेठेतल्या नत्थूजी परात्यांची तीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेली होती. खाली दोन पावड्या. एक दाबली की दुसरी सोडायची, दुसरी दाबली की पहिली. झोपेतसुद्धा त्यांचे पाय तसेच हलत आणि बायको गोपिका करवादे, "आता तरी दुकान बंद करा जी!"

१९७८ साली दुकान खरंच बंद पडायला आलं. पुढचं सूत मिळणार नाही, असं विणकरांच्या सोसायटीनं कळवलं. मागावरचं लुगडं शेवटचं, आणि तेही अर्धं.

त्याच आठवड्यात कळलं की लकडगंजच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला पार्सलच्या मेटॅडोरवर ड्रायव्हर पाहिजे. लायसन्स नत्थूजींकडे होतं. उमरेडच्या मेहुण्याच्या गाडीवर हौसेनं शिकले होते. लुगडं पुरं होईपर्यंत सकाळी माग, दुपारी गाडी, असा त्यांनी बेत केला. दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, पण या माणसाचा जन्मच दोन पावड्यांवर गेलेला. त्याला कोण सांगणार?

परीक्षेला जुना ड्रायव्हर धोंडबा शेजारी बसला. मागे पार्सलं खचाखच. शेठ एवढंच म्हणाला होता, "धोंडबा हो म्हणला तर सोमवारपासून या."

इतवारीपर्यंत गाडी नीट आली. ही नोकरी हुकली तर घरात दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात गल्लीतून पितळी भांड्यांची हातगाडी आडवी आली. नत्थूजींनी उजव्या पायानं ब्रेक दाबला, आणि तीस वर्षांचा आज्ञाधारक डावा पाय क्लचवरून आपोआप उचलला गेला. गाडीनं गचका दिला. घाबरून डावा दाबला, तर उजवा सुटला. गाडी पुढे घरंगळली. हातगाडीवाला भांडी सोडून भिंतीला चिकटला. धोंडबानं हँडब्रेक ओढला तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती.

"काहून गा! गाडी चालवून राहिला का लुगडं विनून राहिला?"

नत्थूजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धोंडबा त्यांच्या पायांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कोष्टी आहेस?"

"हो."

"माह्या बापाचाही माग होता. त्या खड्ड्यातून पाय काढाले मले सालभर लागलं." परत लकडगंज आलं तेव्हा म्हणाला, "शेठले मी हो सांगतो. पन आजपासून पावडीवर पाय ठेवाचा नाही. ठेवला तर कोनाचा तरी जीव घेशील तू."

घरी येऊन नत्थूजींनी सगळं सांगितलं. गोपिकाला आधी आनंद झाला, मग तिची नजर मागाकडे गेली.

"मंग हे अर्धं लुगडं?"

अर्धं कापड मागावरून कापायचं नाही, हा परात्यांच्या घरचा दंडक. नत्थूजींच्या बापानं तापात फणफणत असतानाही तो मोडला नव्हता.

"लुगडं पाहू का पोट पाहू वं?" नत्थूजी ओरडले. राग तिच्यावर नव्हता, पण दुसरं होतं कोण? त्यांनी कैची घेतली. ताण्याच्या उभ्या धाग्यांवर ठेवली. हात काही मिटेना.

गोपिकानं कैची त्यांच्या हातातून काढून घेतली. वीस वर्षं तिनं सुताच्या कांड्या भरल्या होत्या, पण खड्ड्यात कधी पाय सोडला नव्हता. तिथं बाईनं बसायचं नाही, हाही दंडकच. तिनं पदर खोचला आणि खाली उतरली.

"पावडीवर पाय ठेवाचा नाही, हे तुमच्या पायाले सांगतलं ना जी? माह्या पायाले कोनी सांगतलं?"

मागाचा पहिला ठोका चुकला. दुसराही. नत्थूजी उंबऱ्यावर जाऊन बसले. तिसरा ठोका बरोबर पडला आणि त्यांचा डावा पाय आपोआप उचलला गेला.

नत्थूजींनी तो खाली आणला आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर दाबून धरले.