लग्नाच्या कॅसेटमधला डबल बास

माझे बाबा नाशिकरोडला सरकारी छापखान्यात नोकरीला होते आणि शनिवारी संध्याकाळी डबल बास वाजवायचे. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, पोट सुटलेलं, चार जाड तारांचं लाकडी वाद्य. त्याला कवेत घेऊन उभं राहायचं आणि बोटांनी तारा ओढायच्या. आमच्या क्वार्टरमध्ये आमचीच दाटीवाटी होती, तिथे ते कुठे मावणार? ते राहायचं देवळालीला, मिसच्या घरी.

मिस पियानो शिकवायच्या. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये जेवढे ऑर्केस्ट्रा होते, त्यांतले निम्मे कीबोर्डवाले त्यांच्याच हाताखालून गेलेले. तिसरे होते ड्रमवाले काका, पंचवटीतल्या बँडवाल्यांच्या घरातले. वरातीत साइड ड्रम बडवून अख्खी गल्ली जागी करणारा हा माणूस मिसच्या पियानोशेजारी बसला, की तारेच्या ब्रशनं ड्रमवर असा हात फिरवायचा, की कुणीतरी पीठ चाळतंय असं वाटावं. हे तिघं मिळून जॅझ वाजवायचे. नाशिकमध्ये, जिथे द्राक्षाच्या भावावर दोन तास बोलणारे पावलोपावली भेटत आणि जॅझ म्हणजे काय हे विचारणारासुद्धा भेटत नसे.

बाबा शिकले ते रेकॉर्डवरून. मिसकडे एका अमेरिकन त्रिकुटाच्या जुन्या रेकॉर्ड होत्या. पियानो, बास, ड्रम, बस्स. बाबा सुई उचलायचे, मागे ठेवायचे, पुन्हा ऐकायचे. मी सोबत गेले की मलाही बसवायचे. "ऐक, इथे बासवाला पियानोच्या मागे मागे नाही चालत. मध्ये बोलतो. त्याचं म्हणणं खोडूनसुद्धा काढतो." मला पहिली काही वर्षं फक्त पियानो ऐकू आला. मग एका दुपारी अचानक खालचा तो आवाज वेगळा झाला आणि त्यानंतर मला त्या रेकॉर्डमध्ये दुसरं काही ऐकावंसंच वाटेना.

आईचं मात्र तसं झालं नाही. पिंपळगावच्या द्राक्षवाल्या व्यापाऱ्यांना तेव्हा मुलामुलींच्या रिसेप्शनला 'इंग्लिश म्युझिक' हवं असायचं, म्हणून ते या तिघांना बोलवायचे आणि अशा दोन-तीन ठिकाणी आई आली होती. पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "त्या बाई किती सुरेख वाजवतात! ड्रमवाले भाऊजीसुद्धा. तुम्ही तिथे नेमकं काय करता?"

"वाजवतो की," बाबा म्हणाले.

"मला तर काही ऐकू आलं नाही. नुसते त्या कपाटाला मिठी मारून उभे होता."

आम्ही हसलो. बाबाही हसले, पण जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. पुढे हे घरातलं ठरलेलं चिडवणंच झालं. शनिवारी ते निघाले, की आई म्हणायची, "चालले मिठी मारायला."

एकदा त्यांनी हट्टाला पेटून घरचा टेपरेकॉर्डर देवळालीला नेला. त्याच्या बोटाएवढ्या माइकवर तिघांचं वाजवणं टेप केलं आणि रविवारी सकाळी पोह्यांबरोबर आईला ऐकवलं. पियानो आला, ड्रम आला, मिसच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा स्वच्छ आलं. बास आलाच नाही. आई म्हणाली, "बघा, टेपलासुद्धा ऐकू येत नाही!" बाबांनी ती कॅसेट काढली आणि तिच्यावर पुढे माझ्या भावानं सिनेमाची गाणी भरली. त्या आठवड्यात देवळालीहून स्कूटरवर परत येताना ते पुढे बघतच मला म्हणाले, "बाकी कुणाचं काही नाही गं. तिनं एकदा तरी म्हणावं, ऐकलं बुवा तुमचं." मला आईचा भयंकर राग आला होता.

दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी बाबा हृदयविकारानं गेले. त्याआधीच आईचे कान अधू व्हायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, बारीक, चिरके आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. तसंच होतं. कुकरच्या शिट्ट्या तिला कळत नसत, दाराची बेल तर नाहीच. पण खालच्या गिरणीची घरघर सुरू झाली, की हीच आतून ओरडायची, "गिरणी चालू झाली, दळण ठेवून ये." कानाचं मशीन आणलं, ते तिनं बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिलं.

बाबांचे कपडे आवरताना ती एकदम म्हणाली, "ते वाजवायचे ते नक्की कसं होतं गं? मला कधी कळलंच नाही." इतकी वर्षं तिच्या चिडवण्यावर चिडलेली मी, तिच्या हातातला सदरा घेऊन त्याची घडी घालायला लागले. मग ठरवलं, हिला बाबा ऐकवायचेच. आणि लवकर, कान आहेत तोवर.

पण ऐकवणार काय? त्या तिघांनी रेकॉर्डिंग असं केलंच नव्हतं. मिसनी आपल्याकडची ती अमेरिकन रेकॉर्ड दिली. "हा बास आणि तुझ्या बाबांचा बास, फार फरक नव्हता," त्या म्हणाल्या. मी ती आईसमोर लावली. तिनं दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "हे तुझे बाबा नाहीत." विषय संपला.

तोडगा ड्रमवाल्या काकांनी काढला. "अगं, लग्नाच्या कॅसेटी हायेत की! लय लग्नं वाजवली आम्ही. परत्येकाची शूटिंग झाली. कुठं ना कुठं तुझे बाबा सापडतीलच."

मग मी लोकांच्या घरी जाऊन लग्नं बघायला लागले. चहा, चिवडा, आणि "ही आमची थोरली, आता दोन मुलं आहेत तिला." व्हीसीआर बऱ्याच जणांचे बंद पडले होते, कॅसेटना बुरशी लागली होती. तरी बाबा दिसायचे. पियानोच्या मागे बासची मान, तिच्यावर त्यांचा डावा हात, कधी चष्मा. दिसायचे आणि ऐकू यायचं काय, तर सिनेमातलं गाणं! त्या काळी लग्नाची कॅसेट म्हणजे सगळा मूळ आवाज पुसायचा आणि वर गाणी चढवायची. नवरा-नवरी बदामात, चारी कोपऱ्यांत गुलाब, आणि माझे बाबा संथपणे बोटं चालवतायत त्यावर कुणीतरी धबधब्याखाली नाचल्यासारखं गातंय. एका घरी तर मला इतका संताप आला, की मी चिवड्याची बशी तशीच ठेवून निघाले.

पिंपळगावची बरीच लग्नं एकाच व्हिडिओवाल्यानं शूट केली होती. त्याला गाठून मी फाडफाड बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मिक्सिंग नाय केलं तर गिऱ्हाईक पैसे देत नव्हतं. ओरिजिनल आवाजात काय असतंय? भांडी, पोरांची रडारड. गाणं पायजे लोकांना." मग जरा विचार करून म्हणाला, "पण गाणं संपलं आन् शूटिंग उरलं, तर तेवढ्यात ओरिजिनल राहून जातं. पुढचं गाणं लावेपर्यंत." त्याच्या माळ्यावर अजून कॅसेटी होत्या. त्या त्यानं गोणीत भरून दिल्या आणि जुना व्हीसीआरही दिला.

सापडलं ते एका रिसेप्शनच्या शेवटाकडे. गाणं संपतं. कॅमेरा नेमका बासच्या शेजारी उभा, बहुधा जेवणाच्या रांगेचं शूटिंग करायला. खरखर होते आणि एकदम मांडव उघडतो. ताटांचा खणखणाट, लांबून मिसचा पियानो, काकांचं पीठ चाळणं, आणि लाउडस्पीकरवर एक बाई, "पांढऱ्या मारुतीवाल्यांनी कृपया आपली गाडी काढावी, आइस्क्रीमचा टेम्पो अडकला आहे." हे सगळं अर्धं मिनिट असेल नसेल. त्या सगळ्याच्या खाली काहीतरी होतं, पण टीव्हीच्या त्या टिचभर स्पीकरमधून ते घरघरीपलीकडे येईना. जगात बाबांचं वाजवणं एवढंच उरलं होतं आणि तेही मारुतीखाली.

मी काकांना फोन केला. त्यांच्या मुलांनी एव्हाना बँड गुंडाळून डीजे काढला होता. काका त्या डीजेला रोज शिव्या घालायचे, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातलाच एक कपाटाएवढा स्पीकर टेम्पोत घालून आमच्या दारात हजर. दोन माणसांनी तो जिना चढवला. शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणाचं लग्न आहे.

"वहिनी, अशा जवळ बसा," म्हणत काकांनी आईची खुर्ची स्पीकरसमोर ओढली. ती कुरकुरली, "हे काय आणलंय घरात? सोफ्याला जागा नाही." तिचं मशीन बांगड्यांच्या डब्यातच होतं. आणते म्हटलं, तर नको म्हणाली.

मी कॅसेट लावली. गाणं संपलं, खरखर झाली आणि खालून तो आवाज आला. जाड, गोल, एकेक सूर पाय टेकवत चाललेला. स्पीकरवर ठेवलेला काकांचा चष्मा सरकायला लागला. त्या आवाजावर ताटं आपटत होती, लांब पियानो होता, बाई मारुतीवाल्यांना विनवत होती. मध्येच बाबा पियानोच्या पुढे गेले, काहीतरी बोलून परत आले. मग पुढचं गाणं धाडकन सुरू झालं आणि मी बंद केलं.

काका डोळे पुसत होते. आई जराशी पुढे वाकून तशीच बसली होती. हात स्पीकरच्या जाळीवर सपाट ठेवला होता.

"हे कोण वाजवतंय?" मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"कोण म्हणजे? तुझे बाबा," ती म्हणाली. मग तिनं काकांकडे बघितलं, आणि तिच्या स्वरात जरा तक्रार होती. "पण भाऊजी, त्यांना एकट्यालाच का वाजवायला लावलं? तुम्ही आणि मिस कुठे गेला होता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा लावली.