उजवीकडची तिसरी फेरी

विजू गेल्याचं मला तिच्या तेराव्यानंतर कळलं. मुलुंडहून तिच्या धाकट्या बहिणीचं, नीलाचं, कार्ड आलं. कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं आटोपलं, तुझा पत्ता उशिरा सापडला... मी ज्या वाचनालयात काम करते तिथल्या टेबलावर ते कार्ड दिवसभर पालथं पडून होतं. पुढच्या रविवारी नीला स्वतःच पार्ल्याला आली. हातात जुन्या साडीत बांधलेलं जड बोचकं. आत विजूचे स्केट्स होते आणि माझी निळ्या पुठ्ठ्याची वही.

सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास विजू आणि मी कॉलेजात होतो. एका शाळेमागच्या सिमेंटच्या अंगणात सकाळी सहा ते साडेसात आमचे एक सर चाकांचं स्केटिंग शिकवत. ते पूर्वी जहाजावर नोकरीला होते. परदेशात त्यांनी बर्फावरचं स्केटिंग पाहिलं होतं आणि एक सचित्र इंग्रजी पुस्तक आणलं होतं. ते वाचून समजावायचं काम माझं, पायांत उतरवायचं काम विजूचं. त्यात ट्विझल नावाची गिरकी होती. साधी गिरकी जागच्या जागी घेतात. ट्विझलमध्ये एकाच पायावर फिरत फिरत पुढे सरकायचं, फेऱ्या न तोडता, वेग न मोडता. पुढे जाताना पावलाच्या आतल्या कडेवरून किंवा बाहेरच्या, मागे जाताना तशाच दोन... असे चार प्रकार. पाय बदलला की फिरायची दिशा उलटते, म्हणजे आठ. बर्फावर एक पातं असतं, आमच्या पायाखाली चार चाकं होती, त्यामुळे कडेवर झुकणं आणखी अवघड. सर म्हणायचे, "थांबलात तर ती भिंगरी. सरकलात तरच ट्विझल."

सरकतोय की नाही हे पाहायला आम्ही सिमेंटवर रांगोळी भुरभुरायचो. विजूच्या चाकांची खूण सरळ पुढे जाई. माझी एकाच ठिकाणी गुंडाळून बसे. "मंदे, तुझी तर जिलबी झाली गं," ती म्हणायची आणि पायाने ती पुसून टाकायची, दुसऱ्या मुली यायच्या आत. प्रत्येक वेळचा निकाल आम्ही वहीत लिहीत असू. वही एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे.

आंतर-उपनगर स्पर्धेसाठी सरांनी आमची जोडी ठरवली. शेजारी शेजारी, हातभर अंतराने, डावीकडे तीन फेऱ्या आणि लगेच उजवीकडे तीन. दोघींचा वेग एक हवा. डावीकडे मला जमत होतं. उजवीकडच्या तिसऱ्या फेरीला मात्र डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी ते वहीत लिहिलं आणि फक्त विजूला सांगितलं.

"सरांना बोलू नकोस गं. मी घालवते ते."

"वेडी आहेस का? माझ्या पोटातच राहील."

पुढचे नऊ दिवस मी गॅलरीतसुद्धा उजवीकडे फिरत राहिले. आई म्हणायची, "दळण आणायचंय, आणि ही भोवऱ्यासारखी फिरतेय." दहाव्या दिवशी सकाळी तिन्ही फेऱ्या झाल्या आणि समोरची भिंत जागेवर राहिली. विजूने मला तिथेच मिठी मारली.

त्याच आठवड्यात सरांनी मला बाजूला घेतलं. "मंदा, तुला घेरी येते. पडलीस तर जबाबदारी कोणाची? विजू एकटी जाईल." आता येत नाही, असं मी म्हणाले, पण आवाज रडका निघाला आणि त्यांना तो खोटा वाटला असावा. त्यांनी माझ्या डोळ्यांवरून ओळखलं असेल, अशी मी समजूत करून घेतली. संध्याकाळी विजू आमच्या जिन्यात येऊन बसली. बराच वेळ माझा हात धरून होती. मग म्हणाली, "सरांना कळलं कसं गं?"

ती एकटी गेली आणि कप घेऊन आली. मी टाळ्या वाजवल्या. तिच्या लग्नात रुखवत मांडायला मी होते, मुलुंडला तिच्या हातची आमटी मी कितीदा खाल्ली. इतक्या वर्षांत तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

नीला चहा पिता पिता सहज म्हणाली, "ताईला तुझी फार काळजी होती. म्हणायची, मी वही सरांना दाखवली नसती तर मंदा स्पर्धेच्या दिवशी पडली असती." मी कपबशी उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहिले... भांडायचं तर भांडणार कोणाशी? माणूसच उरलं नव्हतं. स्केट्स ठेवून घेतले. चाकांच्या खाचांत अजून रांगोळी आहे.

वही माझ्या पुस्तकांच्या फळीवर असते. कुठूनही उघडली तरी एकाच पानावर उघडते. त्याचा कोपरा दुमडलेला आहे. तिथे माझं अक्षर: "उजवीकडे, तिसरी फेरी. अंधारी." सरांसमोर हेच पान धरलं असणार. काळजीपोटी धरलं असेल, असं मी कित्येकदा स्वतःला सांगून पाहते. मग पान उलटते. मागे त्या दहाव्या दिवसाची नोंद, अक्षर विजूचं, तिरकं, घाईतलं: "मंदा. उजवीकडे तीनही फेऱ्या. अंधारी नाही." आणि खाली तिने एक सरळ रेघ ओढली आहे, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.