एक घंटी जास्त

माझ्या साडूने मला फसवले. एक पैसाही न घेता फसवले आणि वर साऱ्या सासुरवाडीत शहाणा ठरला. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा नवरा. जवाहरनगरला सरकारी नोकरी, सरकारी क्वार्टर, डोके मात्र पूर्ण खाजगी. भंडारा जिल्ह्यात मी भल्याभल्यांशी भाव केला आहे. धानाच्या व्यापाऱ्यांना घाम फोडला आहे, बैलबाजारात रुमालाखाली दलालाचे बोट असे दाबले आहे की तो आकडा विसरून बोटच मागू लागला. पण या माणसापुढे माझी मात्रा कधी चालली नाही, कारण तो काही विकतच घेत नसे.

सन दोन हजार उंबरठ्यावर होते तेव्हाची गोष्ट. मोहाडीत माझे एसटीडीचे बूथ होते. सायकलींचे पंक्चर काढता काढता मी ते उभे केले होते: काचेची केबिन, फोन, आणि लाल आकड्यांत हिशेब दाखवणारी मशीन. मशीनवर मी रोज फडके मारत असे. कोणी बिलावर कुरकुर केली की मी तिच्याकडे बोट दाखवी, आणि माणूस गप्प बसे. माझ्या तोंडावर मोहाडीत कोणाचा विश्वास नव्हता, हे मला ठाऊक होते. पण माझ्या मशीनवर होता.

साडूला यंत्रांचे भारी वेड. त्याने कमरेला पेजर लावला होता. त्यावर निरोप येण्याची सोय आमच्या भागात नव्हती, पण तो दर थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहून "सध्या शांतता आहे" असे सांगे. टीव्हीचा रिमोट त्याने प्लास्टिकमध्ये असा गुंडाळला होता की चॅनेल बदलायला उठूनच जावे लागे. साल बदलताना जगातले कॉम्प्युटर बंद पडणार असे त्याने कुठे तरी वाचले आणि तो रोग घरात शिरू नये म्हणून सगळ्या घड्याळांतले सेल काढून ठेवले. जगातले कॉम्प्युटर चालू राहिले. साडूची मात्र नव्या सालाच्या पहिल्याच दिवशी कामावर जायची बस चुकली. "सावधगिरीले किंमत मोजावी लागते जी," असे तो त्यावर म्हणाला. आयुष्यात त्याने मोजलेली ती एवढीच किंमत.

याच माणसाने आमच्या खानदानाला घंट्यांची भाषा शिकवली. फोन लावायचा, पलीकडे घंटी वाजू द्यायची आणि कोणी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. एक घंटी म्हणजे पोचलो. दोन म्हणजे निघालो. तीन म्हणजे जेवायला येतो, भात टाका. चार म्हणजे घरात वाईट झाले, असाल तसे निघा. मी म्हटले, "साडूभाऊ, भाताच्या बाजूले मयत कायले ठेवता? थोडी दूर ठेवा."

"मयतीच्या घरी फोन वाजवत बसायले कोनाले वेळ असते?" तो म्हणाला.

सासुरवाडीला, आंधळगावात, सासूबाई फोनजवळ पाट टाकून मोठ्याने घंट्या मोजत, आणि उचलायला धावणाऱ्याच्या हातावर सरळ लाटणे मारत. साडू बाजाराला आला की माझ्याच बूथमध्ये शिरे, माझाच फोन लावी, घंट्या मोजी आणि ठेवून देई. मशीनवर शून्य.

"घंटीचे पैसे द्या," मी म्हणालो.

"मी बोललो का?"

"लाइन त अडवली ना."

"दुकानात येऊन साडी पाहिली त दुकानदार पैसे घेते का जी?"

शून्यात घासाघीस कशी करणार? शिवाय बाहेर बाकावर बसलेली गिऱ्हाइके हे ऐकत होती. पुढच्या बाजारापासून अर्धी मोहाडी माझ्या बूथवरून घंट्या मारू लागली. मी साडूला बजावले होते की आपल्या कानात वाजते ती घंटी आणि पलीकडे वाजते ती घंटी, दोघी जुळ्या बहिणी नाहीत. एखादी कमीजास्त होते. धंदा करतो म्हणून मला ते माहीत होते. साडू म्हणाला, "तुमी व्यापारी लोक घंटीतही खोट पाहता."

मग तो दिवस आला. साडूने बाजारातून तलावातले ताजे मासे घेतले, आंधळगावला जेवायला जायचे ठरवले आणि माझ्या फोनवरून तीन घंट्या मारल्या. आंधळगावला सासूबाईंनी चार मोजल्या. बाजाराच्या दिवशी घंटी येई ती मोहाडीच्या माझ्या बूथवरूनच, म्हणजे वाईट झाले ते माझ्या घरी. आणि घरात मरण्याजोगा कोण, तर रागीट स्वभावामुळे मीच. भाड्याची जीप करून सगळे रडत माझ्या दारात उतरले. बायको अंगणात तांदूळ पाखडत होती. वडील जीपमधून उतरायच्या आतच आईला रडताना पाहून तिला वाटले वडील गेले. तिनेही सूप फेकून गळा काढला. कोण गेले हे कोणीच कोणाला विचारीना, कारण अशा वेळी विचारत नाहीत. गर्दी पाहून मी बूथवरून धावत आलो, तर सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"जवाईबापू, तुमी कसे काय?"

"मी इथंच राहतो," मी म्हणालो.

संध्याकाळी साडू उगवला. आंधळगावच्या कुलूपबंद दारात दुपारभर बसून मासे आणि तो, दोघेही उतरले होते. सगळ्यांनी त्याला घेरले. त्याने एवढेच म्हणायचे होते: चूक माझ्या घंट्यांच्या भाषेची. पण तो पिशवी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "मी तीनच मारल्या. साडूभाऊच्या मशीननं एक जास्तीची मारली. मशीनच तशी ठेवली असन, वाढवून दाखवाची."

सरकारी नोकरीतला जावई. सासूबाईंनी मान डोलावली. सगळे हसले. माझी बायकोही हसली. दुसऱ्या दिवसापासून बाकावर एकच गोष्ट: याच्या बूथवरून फोन केला तर माणूस मरते, आणि बिलही वाढून येते. पुढे मोबाइल आले, सगळ्यांचीच बूथे गेली, हे मला कळते. पण बाकीच्यांची बूथे मोबाइलने नेली. माझे बूथ खोटारडे ठरून गेले.

इतकी वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी त्याला गाठून म्हणालो, "एकदा चारचौघांत सांगा, मशीन खरी होती." तो म्हणे, "जेवून घ्या, मंग पाहू."

आता तो नागपूरला मुलाकडे असतो. विसरतो म्हणतात. मला वाटले, हीही त्याची युक्तीच. परवा मुद्दाम गेलो. खुर्चीत बसला होता. मेहुणीने स्वेटरची बटणे लावून दिली होती. मी कोण हे त्याला कळले नाही. मी सुरुवातीपासून सगळे सांगितले: घंट्या, जीप, मासे, मशीन. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग माझा हात धरून गंभीर झाला.

"मोठा लबाड मानूस होता जी तो. तुमची इज्जत घेतली त्यानं. त्याले सोडू नोका."

मेहुणी आत निघून गेली. मी म्हणालो, "नाही सोडत." त्याने माझा हात थोपटला आणि मी जेवून आलो का, ते विचारले.

माझ्या बाजूने पहिल्यांदा कोणी बोलले, आणि तो हाच निघाला. पण असा निकाल मला चालत नाही. ज्याने आरोप केला त्यानेच, आपण कोण हे ओळखून, तो मागे घेतला पाहिजे. मी दर महिन्याला जाणार आहे आणि पहिल्यापासून सांगणार आहे. तो नसेल सापडत, तर त्या संध्याकाळी माझ्या अंगणात जे जे हसले त्यांच्यापैकी कोणी तरी पुढे या आणि सांगा: माझी मशीन खोटी होती का?