बायकोची सपरी अन् माहा कापूस

अमरावतीच्या बाजारात डोये मिटून कापसाले हात लावावा अन् कोन्त्या गावचा हाये ते सांगावं, असा माह्यासारखा दुसरा गडी साऱ्या वऱ्हाडात नव्हता. घरात बायकोच्या कपायाले हात लावला, तवा तिले ताप हाये का राग हाये, हे काई मले समजलं नाई.

ती सालं कापसाची होती. सातासमुद्रापल्याड कुठं तरी गोऱ्याइची आपसात लढाई लागली होती म्हने. तिकडचा कापूस बंद पडला, अन् इकडं आमच्या काया मातीले सोन्याचा भाव आला. व्यापारी घोड्यावर बसून वावरात येत अन् बोंड फुटाच्या आंधी सौदा करत. ज्याच्या अंगावर धड धोतर नव्हतं, तो बैलाच्या शिंगाले पितय चढवून अकोल्याले जात होता. मी त्याइच्यातलाच. आमचं गाव अमरावती अन् अकोल्याच्या मधात, म्हनून दोन्हीकडचा भाव माह्या कानावर येत होता, अन् दोन्ही ऐकून मी एकच काम करत होतो. कापूस इकत नव्हतो. आज चढला, उद्या अजून चढन. घरातच भरून ठेवत होतो.

घर म्हनजे ओसरी, माजघर अन् चुलीची खोली. माजघर आढ्यापर्यंत भरलं. एक खिडकी होती, ती बुजली. चोराच्या भेवानं पुढचं दार बंद, ठिनगीच्या भेवानं चुलीकडचं दार बंद. चुलीच्या खोलीतून धूर निघाले वाट राह्यली नाई, अन् त्या खोलीत माही बायको. वरून मी तिले नव्या कापसाची हातभर जाड गादी करून देली, वऱ्हाडातल्या चैतात. गावभर सांगत फिरत होतो का माही बायको गादीवर झोपते. ती झोपतच नव्हती हे सांगत नव्हतो, कारन मले मालूम नव्हतं. मी ओसरीवर वाऱ्यात घोरत होतो.

पोरी सासरी गेल्या होत्या. तिचे केस कानाजवय पांढरे होऊन राह्यले होते. अन् तिले काई तरी होऊन राह्यलं होतं. भाकर थापता थापता एकदम तोंड लाल व्हायचं, मान घामानं ओली, पदर फेकून द्यायची. थोड्या येळानं थंडी वाजून घोंगडी मागायची. मले वाटे नाटक हाये. एक दिवस भाजीत मीठ कमी हाये म्हनलं, तं तिनं भाजीचं गंज उचललं अन् अंगनात नेऊन कुत्र्यापुढं ठेवलं. कुत्रं चाटून पुसून खाऊन गेलं.

"पाहा," म्हने, "यानं मीठ मागतलं का?"

हे मी चावडीवर जाऊन सांगतलं. सारे पोट धरून हासले, मी बी हासलो. आता आठवलं का माहंच थोबाड फोडावं वाटते.

आमच्या घरामागं निंबाखाली एक सपरी होती. कुडाच्या अर्ध्या भिंती, वर गवत, खाली सारवलेली जमीन. घरातल्या बाईचे ते दिवस आले का ती तिथं जाऊन बसे. तिले कोनी शिवत नाई, कोनी काम सांगत नाई, जेवन साधं, दुरून वाढलेलं. साऱ्याच्या घरी असंच होतं. तं माही बायको त्या सपरीत जास्तच बसाले लागली. आंधी महिन्याची, मंग पंधरवड्याची, मंग तं उठली नाई का परत बसली. माही मोठी बहीन इधवा होती, आमच्याच घरी राहे. आमी तिले अक्का म्हनो. बायको बाहेर बसली का चूल अक्काच्या अंगावर. तिनं एक दिवस मले धरलं.

"बावा, तुह्या बायकोचं रगत थांबून नाई राह्यलं. हे साधं नाई. बाहेरचं हाये काई तरी."

मी घाबरलो. घाबरलो म्हनजे कापूस इकला, असं नाई. अमरावतीले भाव ऐकाले जातच होतो, जाता जाता वैद्याच्या ओट्यावर बसलो.

"बाईले काहून नाई आनलं?" वैद्य म्हने.

"ती बाहेर बसली हाये. गाडीत कशी बसवू?"

"मंग तुहाच हात दे. नवरा-बायकोची नाडी काई येगयी नसते."

त्यानं माही नाडी पाह्यली, डोये मिटले, अन् म्हनला, पोटात वात हाये, रगत लय गेलं हाये, अंगात ऊब पाह्यजे. वात माह्याच पोटात होता. मी रस्त्यानं हरभरे खात गेलो होतो. पन औषध तिले भेटलं. डिंक, मेथी, खारीक, खोबरं, सुंठ. बायतिनीले देतात ते लाडू. बाहेर जमीन तव्यासारखी तापलेली, अन् मी सपरीपुढं उभा राहून दुरूनच तिच्या पानावर लाडू टाकत होतो. तिनं खाल्ले. नवऱ्यानं अमरावतीहून आनलेलं बाई फेकत नाई. खाऊन खाऊन लाल होत गेली.

"अवो, मले ताक द्या," म्हने.

"ताकानं रगत पातय होते, वैद्यानं सांगतलं."

"त्या वैद्याले माह्या रगताचं कोनं सांगतलं?"

"मी सांगतलं. मले अक्कानं सांगतलं."

तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् तोंड फिरवून निजली.

लाडवानं गुन आला नाई, तं अक्कानं तेल्हाऱ्याकडचा एक भगत ठरवला. गवत कापाचा इया तापवून बाईच्या पोटावर डाग देत होता तो. डाग देला का आतलं जे असन ते पयून जाते म्हने. अमावस्येले येतो, असा त्याचा निरोप आला. मी हाव म्हनलं. बायकोले इचारलं नाई. बैलाले डाग देताना कोनी बैलाले इचारते का, असं मी त्या येळी बोललो बी होतो. जीभ जयली नाई माही.

त्याच आठवड्यात भाव अजून चढला. मी शेजाऱ्याचा बी कापूस घेऊन टाकला. ठेवाले जागा नाई. अक्का म्हने, भगत आला का रगत थांबन, मंग सपरी कोनाले पाह्यजे? मले ते पटलं. बायको सपरीतलं आपलं धुनं घेऊन नदीवर गेली होती, तेवढ्यात मी सपरी कुडापर्यंत भरली, वरून तट्ट्या बांधल्या अन् घाम पुसत ओसरीवर बसलो.

ती आली. सपरीकडं पाह्यलं. धुनं दोरीवर टाकलं, घोंगडी काखेत घेतली, पान्याचा तांब्या हातात, अन् भर उन्हात गावाच्या मधातून वावराच्या वाटेले लागली. चावडीवरच्या लोकाइनं मले आवाज देला, "अरे, तुही गादीवाली चालली."

मले असा राग आला का मी पायतन न घालता निघालो. हातात काठी. वाटेत रागारागानं गोखरूचे काटे पायात भरून घेतले अन् वावरात पोचलो ते एका पायावर उड्या मारत. इहिरीजवय आमचा आंबा हाये, त्याच्याखाली ती बसली होती. पदर बाजूले, डोये मिटलेले. वारं चालू होतं. इतकं थंड तोंड मी तिचं लय दिवसात पाह्यलं नव्हतं, पन रागात होतो म्हनून ते बी मले डोयात खुपलं.

"घरी चाल," मी म्हनलं.

"नाई."

"गाव हासून राह्यलं."

"हासू द्या. तुमीच शिकवलं त्याइले."

"अमावस्येले भगत येनार हाये. तुहं रगत थांबलं पाह्यजे का नाई?"

"कोन्तं रगत?"

"ते. सपरीत बसते ते."

"माहं बसनं कवाच सुटलं," ती म्हने. "दिवायीच्या बी आंधी."

मी काठी टेकून उभा. कापसाचा पारखी मी. डोस्क्यात काई शिरेना. "मंग सपरीत कोन बसत होतं?"

"मीच बसत होती. वारं खात होती."

"खोटं बोलून?"

"खरं बोलली असती तं बसू देलं असतं?" आता ती उभी राह्यली. "विटाय असला तं बाईले बसाले भेटते. कोनी म्हनत नाई हे उचल, ते दय. विटाय गेला का मी परत तुमच्या भट्टीत. पेटते मी, समजलं? आतून पेटते, पायापासून डोस्क्यापर्यंत. बाहेरून तुमचा कापूस, खालून तुमची गादी, वरून तुमचे लाडू. या वयात मले बायतीन करून ठेवलं."

"आंधी सांगाचं."

"कोनाले सांगू? तुमी वैद्याकडं जाता अन् सोताची नाडी दाखवता."

ती खाली बसली, परत डोये मिटले.

"अन् त्या भगताले सांगा," म्हने, "डाग द्याचाच असन तं कापसाले दे. लवकर गुन येईन."

मी घरी परत आलो तो असा तापलेला का मले बी सपरी पाह्यजे होती. अक्का ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्यावर ओरडलो. म्हनलं, तिचं बसनं सुटलं हाये, रगत नाई, भूत नाई, तूच मले नादी लावलं. अक्कानं मान वर केली नाई.

"मंग बी येऊ दे भगताले. बसनं सुटलं का बाईचं डोस्कं फिरतेच. डागानं जाग्यावर येते. मले बी देला होता सासरी."

मले हे मालूम नव्हतं. माही सख्खी बहीन, एवढी वर्सं एका घरात.

"मंग बरी झाली होती तू?"

"नाई," अक्का म्हने. "चूप झाली."

अन् परत ज्वारी निवडाले लागली.

तो राग अजून उतरला नाई माहा. अक्काच्या सासरच्याइवर, ते मेले तरी. त्या भगतावर. ओट्यावर डोये मिटून बसनाऱ्या त्या वैद्यावर. चावडीवर हासनाऱ्याइवर, अन् त्याइच्यात सगयात मोठ्यानं हासनाऱ्या माह्यावर. रगत गेलं तं बाई विटायशी, थांबलं तं भूत लागलं. मधात तिनं मानूस कवा व्हावं, हे कोनी सांगत नाई. त्या रागात मी माजघराच्या दाराले लाथ मारली. दार फटकन उघडलं अन् अर्धा कापूस माह्या अंगावर आला. अक्कानं मले पायाले धरून बाहेर वढलं. बहिनीवर ओरडलो होतो तरी वढलं.

भगताले नको म्हनून निरोप धाडला, अन् दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपल्या. आंधी सपरी खाली केली, मंग माजघर, अन् सारा कापूस इकून टाकला. भाव अजून चढून राह्यला होता, साऱ्या गावानं मले येडं ठरवलं. बायको सपरी खाली होईपर्यंत आंब्याखालून हालली नाई, अन् आली ते आपल्या अटीवर. अक्का दिवसभर तिले भाकर नेऊन देत होती अन् तिच्याजवय निजाले बी जात होती. त्या दोघी काय बोलल्या ते मले कोनी सांगतलं नाई.

मंग तिनं आपलं आपन सुरू केलं. गादी माह्याकडं फेकली, मी मोठेपनानं त्या गादीवर निजलो अन् पाठीले घामोया आनल्या. ती सपरीत चटईवर निजे, विटाय नसताना, अन् कोनी बोललं तं त्याच्याकडं पाहे, बस. उन्हं चढाच्या आंधी पायी वावरात जाऊन येई, काम असो नसो. गहू, तर्री अन् तो मेथीचा पसारा बंद. ज्वारीची भाकर, लवकी नाई तं दोडका, अन् हवं तेवढं ताक. संध्याकायी उजेड असतानीच जेवन. अंगावर जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. आग आली का हातातलं काम जिथं हाये तिथं ठेवे, मानेवर ओला फडका टाके, हयूहयू सास घेत बसे, अन् गेली का उठे. भाकर तव्यावर करपली तं करपली. ती करपलेली भाकर माह्या वाट्याले.

आग गेली का? एकदम नाई गेली. कमी होत गेली, कवा कवा परत भडके. पन झोप आली तिले. अंग सुकत चाललं होतं ते भरलं. मले वाटलं आता तिचा राग बी जाईन. राग काई गेला नाई. तो त्या दुखन्याचा नव्हताच, तो माह्यावर होता. अक्का बी सपरीत जाऊन बसाले लागली, अन् दोघी तिथं काई तरी बोलून खिदयत. मी जवय गेलो का चूप.

मंग ती गोऱ्याइची लढाई सरली अन् कापूस असा पडला का लोकं भरल्या घरात डोस्क्याले हात लावून बसले. मी तेवढा वाचलो. आता तेच लोकं म्हनाले लागले, गडी हुशार, यानं आंधीच ओयखलं. मी नाई म्हनलं नाई. चुलीच्या खोलीच्या दारात बसून सल्ले देऊ लागलो. एक दिवस अकोल्याकडचा एक जन आला. त्याची बायको बी तशीच करून राह्यली होती, रातभर जागी, दिवसभर लाल. म्या त्याले सारं सांगतलं, ताक, लवकी, चालनं, उघड्यावर निजनं. अन् शेवटी छाती काढून म्हनलं, "मीच बरं केलं माह्या बायकोले. वैद्याले नाई जमलं ते."

बायको आतून येऊन माह्या मागं उभी होती, हातात पान्याची घागर.

"तुमी काई केलं नाई," म्हने. "करून राह्यले होते ते बंद केलं. अन् उठा आता दारातून, वारं अडवून बसले."