जांभळी चांदणी

बुबुळावरचा पडदा बदलताना टाके कुठे पडायचे, ते आधी आखून घ्यावं लागतं. त्यासाठी आमच्या ऑपरेशन थिएटरात स्टीलचं एक छोटं हत्यार आहे, चाकाच्या आऱ्यांसारख्या आठ कडांचं. मी तिथली सिस्टर. त्याला जांभळी शाई लावून देणं माझं काम. डॉक्टर ते डोळ्यावर हलकेच टेकवतात आणि पांढुरक्या बुबुळावर आठ रेघांची चांदणी उमटते. कुणाच्या तरी घरी सुतक असतं, म्हणून इथे ती उमटते. दोन दिवसांत ती डोळ्याच्या पाण्याने धुऊन जाते. माझ्या बोटांवरून मात्र लवकर जात नाही.

आई गेली तेव्हा नेत्रपेढीची माणसं मीच बोलावली होती. ती दारात आली, मी आईच्या मिटलेल्या पापण्या पाहिल्या आणि म्हणाले, "राहू द्या." लोकांच्या नातेवाइकांना इतकी वर्षं नेत्रदानासाठी समजावत आलेली मी. ते डोळे आईबरोबर जळाले.

आज टेबलावरच्या आजोबांनी विचारलं, "सिस्टर, कुणाचा डोळा मिळतोय हो मला?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत," म्हणत मी हत्याराला शाई लावली.

कुणाचा मिळत नाहीये, एवढं मला ठाऊक होतं.