एक माणूस सापडला आहे

आई गेल्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच देवापुढं हात जोडले नव्हते. माझं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडपासून दीड कोसावर. आईच्या आजारपणात मी वर्षभर माहेरीच राहिले होते आणि दर रविवारी अनवाणी सिद्धनाथाच्या देवळात चालत जात होते. एकही रविवार चुकवला नाही. आई गेली तोही रविवारच होता. दर्शन घेऊन परत आले, तर दारात माणसं जमलेली. त्या दिवशी मनात जे मिटलं ते मिटलंच. राग नव्हता. राग यायलाही समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तेवढंही वाटत नव्हतं. सासरी, कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावात, सासूबाई दिवा लावायला लागल्या की मी काहीतरी काम काढून परड्यात जायची.

आमचे हे मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. मोठ्या हुद्द्यावरच्यांना बायकोला सोबत न्यायची मुभा असते, पण लग्नाला नऊ वर्षं होऊनही मी कधी गेले नव्हते. माझी अवस्था बघून त्या खेपेला ह्यांनीच कागदपत्रं केली. मी नको म्हणत होते. सासूबाईंनी ऐकलं नाही. "आगं, जा की पोरी. हितं बसून नुसती वाळून चाललीयास. माझं मी बघती," म्हणाल्या आणि स्वतःच माझी बॅग भरायला बसल्या.

जहाजावर गेल्यावर कळलं की कॅप्टन साहेब साताऱ्याचे. पन्नाशी उलटलेले, शांत, कमी बोलणारे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, तुम्ही माणदेशातल्या ना? मग एवढं पाणी बघून झोप तरी लागती का?" मी कित्येक महिन्यांनी हसले. पुढं रोज संध्याकाळी ते न चुकता विचारायचे, "जेवलात का?" त्यांच्या केबिनमध्ये बायकोचा आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा फोटो होता. आपल्या मुलखातलं माणूस जहाजाचा धनी आहे, एवढ्यानंच मला निर्धास्त वाटायचं.

पूर्वेकडच्या एका बेटावर आम्ही निकेलची तांबडी माती भरली. तिथं रोज पावसाची सर यायची. एके दुपारी चीफ ऑफिसरनं त्या मातीनं एक डबा भरला आणि तो डेकवर पुन्हा पुन्हा आपटला. कोरडी दिसणारी माती बघता बघता चकाकली आणि वर पाणी सुटलं. कॅप्टन साहेबांनी दोन दिवस भरणं थांबवलं, ओला माल परत पाठवला. पण आधी भरलेला जहाजाच्या पोटात होता, आणि कागदावर सगळाच माल कोरडा होता. ह्यांनी मला समजावून सांगितलं, "ही माती वरनं घट्ट दिसती. पण जहाज हलत राहिलं की आतलं पाणी सुटतं आणि समद्याचा रबडा होतो. तो एकदा एका अंगाला गेला की परत येत न्हाई. लय जहाजं गेलीत अशी." मी शेतकऱ्याची लेक. जी माती माणूस उभा राहिला तरी दबत नाही, ती पाण्यासारखी वाहील, हे मला खरंच वाटेना.

बंदर सोडल्याला चौथा दिवस होता. सकाळी नाश्ता करून हे खाली इंजिनकडं गेले आणि मी केबिनमध्ये कपडे घड्या करत होते. जहाज लाटांवर एका बाजूला झुकतं आणि परत येतं, याची मला तोवर सवय झाली होती. त्या सकाळी ते डावीकडं झुकलं आणि परत आलं नाही. मी वाट पाहत राहिले. टेबलावरचा पेला घरंगळत भिंतीशी गेला आणि तिथंच थांबला. मग कपडे गेले, मग खुर्ची. किती वेळ मी नुसती पेल्याकडं बघत उभी होते, कोण जाणे. घंटा वाजायला लागली, सात वेळा आखूड आणि एकदा लांब, तेव्हा पहिल्या दिवशी शिकवलेलं आठवलं. लाइफ जॅकेट चढवलं आणि भिंतीचा आधार घेत, अर्धी भिंतीवरून आणि अर्धी जमिनीवरून चालत, मागच्या डेकवर गेले.

तिथं उतरत्या रुळांवर लाइफबोट ठेवलेली असते. बंद, नारिंगी रंगाची, तोंड खाली पाण्याकडं. तिला दोरानं सोडत नाहीत. आत बसायचं, पट्टे बांधायचे, आणि आतला माणूस दांडा मारतो तशी ती पाच मजल्यांवरून थेट समुद्रात पडते. म्हणून आतल्या खुर्च्या उलट्या असतात. पाठ समुद्राकडं, तोंड मागच्या दाराकडं. त्यामुळं आत येणारा प्रत्येक माणूस मला दिसत होता. चीफ इंजिनिअर आला, स्वयंपाकी आला, इंजिनवरची तीन माणसं आली. हे आले नाहीत. चीफ इंजिनिअरनं सांगितलं, जहाज सरळ करायला म्हणून पंप चालू ठेवलाय, ते पंपापाशी आहेत. कॅप्टन साहेब वर ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथं, रेडिओवर मदत मागत होते. जहाज अजून कललं. बोट रुळावर करकरली. सेकंड ऑफिसर दाराकडं बघत दांडा धरून बसला होता. मग त्यानं कोणालातरी दार लावायला सांगितलं.

दार लागलं तेव्हा मी पट्ट्याचं बक्कल उघडायला हात घातला. काय करणार होते, ते मलाच माहीत नाही. शेजारी बोसन बसला होता, डेकवरच्या माणसांचा मुकादम. फिलिपिन्सचा, पिकलेल्या केसांचा, आजवर माझ्याशी एक शब्दही न बोललेला. त्यानं आपला पंजा माझ्या हातावर घट्ट दाबून धरला. "नो, मॅडम. सिट. सिट." मी ओरडत होते, त्याला ओरबाडत होते. त्यानं हात काढला नाही, आणि तेवढ्यात आम्ही पडलो. तो हात नसता तर मी सुटी होऊन खाली पुढच्या भिंतीवर आणि खुर्च्यांवर आपटले असते, हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. त्याच्या मनगटावर माझ्या नखांचे ओरखडे होते.

पाण्यावर आल्यावर काचेतून जहाज दिसलं. आमचं गाव मावेल एवढं जहाज. ते सावकाश, न घाबरता, झोपेत कूस बदलावी तसं उलटलं. तळाचा तांबडा रंग दिसला. मग तोही गेला आणि नुसता समुद्र उरला. बोटीत कोणी रडलं नाही. मीही नाही. मला दुःख होत नव्हतं. मला ते कळतच नव्हतं.

दुपारी एका मोठ्या जहाजानं आम्हाला वर घेतलं. कोणीतरी चहा दिला, कोणीतरी घोंगडी टाकली. मोजणी झाली. दोनच माणसं नव्हती, आमचे हे आणि कॅप्टन साहेब. तासाभरानं सेकंड ऑफिसर धावत आला. कोळ्यांच्या एका होडीला रबरी तराफ्यात एक माणूस सापडला होता. जिवंत होता, पण बेशुद्ध. भारतीय वाटतो, एवढंच कळलं होतं. होडीवाल्यांना इंग्रजी येत नव्हतं, निरोप किनाऱ्यावरून फिरून आला होता. अंगावर कपडे कोणते आहेत, असं आमच्या जहाजानं उलट विचारलं होतं. उत्तर यायला वेळ लागणार होता.

त्या तासाबद्दल सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे. दोन वर्षांनी माझे हात आपोआप जुळले. नाथबाबा, तेच असू देत, मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना कॅप्टन साहेबांच्या केबिनमधला तो फोटो डोळ्यांपुढं आला आणि मी काय मागते आहे ते मला दिसलं. सापडलेला माणूस एकच होता. तो माझा असू दे म्हणजे तो त्यांचा नसू दे. रोज मला जेवलात का विचारणाऱ्या माणसाला समुद्रातच राहू दे, असं मी देवाकडं मागत होते. मला स्वतःचीच शिसारी आली. तोंड उघडं राहिलं आणि पुढचा शब्द येईना. हे जगावेत असं वाटणं काही थांबलं नाही, ते थांबणार कसं? पण मागणं थांबलं. आमच्याकडं पालखी उठली की सगळे एका सुरात जे म्हणतात, तेवढंच ओठांवर आलं. नाथबाबाच्या नावानं चांगभलं. कोणाचं, ते मी सांगितलं नाही. जो कोण असेल त्याचं. नसेल त्याचंही. हात सोडले आणि भिंतीला डोकं टेकून बसले. तेव्हा पहिल्यांदा रडू आलं, आणि या रडण्यात मी एकटी नाही, इतकं मात्र नक्की कळलं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

निरोप आला. नारिंगी बॉयलर सूट. इंजिनवर काम करणाऱ्याचा.

तीन दिवसांनी एका परक्या गावातल्या दवाखान्यात हे माझ्याशी बोलले. "कॅप्टनचा फोन आला खाली. म्हणाले, बास झालं, पंप सोड, वर ये. लगेच वर ये. मी शिडी चढून दारातनं भाईर पडलो आणि जहाज गेलं. मला काय पोहता येईना, पायात बूट. मग पाण्याखालनं तराफा वर आला, माझ्याम्होरंच फुगला. मी त्याच्याकडं गेलो न्हाई, त्योच माझ्याकडं आला." जहाज बुडताना पाण्याच्या दाबानं तो तराफा आपोआप सुटतो, तशी कळ त्याला बसवलेली असते, हेही ह्यांनीच मला सांगितलं. ते मी मान्य करते. तो कुठं वर यावा, याची कळ कुठं असते, ते मला माहीत नाही आणि आता मी विचारतही नाही. कॅप्टन साहेब सापडले नाहीत.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. "तुमचं पुण्य लय मोठं, वैनी," असं कोणी म्हटलं की मी उठून आत जायची. पुण्याचा हिशेब असता तर मी देवाकडं पाठ फिरवलेली बाई, आणि कॅप्टन साहेब आपलं काम न सोडता उभे राहिलेले. महिन्याभरानं आम्ही दोघं साताऱ्याला त्यांच्या घरी गेलो. हे फोनबद्दल सांगताना मधेच थांबले आणि गॅलरीत निघून गेले. मग त्यांच्या पत्नी आणि मी दोघीच उरलो. मला राहवेना. म्हटलं, "काकू, मी तुमची गुन्हेगार आहे. एक माणूस सापडलाय असं कळलं, तेव्हा तो आमचाच असावा असं मी देवाकडं मागितलं. केबिनमधला तुमचा फोटो आठवला तेव्हा कुठं थांबले."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "कंपनीच्या ऑफिसातून मला पण फोन आला होता गं. एकजण सापडलाय, कोण ते कळलं नाही म्हणून. मी देवघरासमोर बसून तेच मागत होते. तास दीड तास. तुझं तर मला नावही माहीत नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "तू थांबलीस तरी. मला थांबता आलं नाही."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. दोघींनी एकाच वेळी एकमेकींच्या कुंकवावर उठून मागितलेलं देवानं ऐकलं असणार, आणि तरी आम्हा दोघींना एका खोलीत आणून बसवलं होतं. कोणाला काय मिळावं, हे ठरवायचं काम आपल्यावर नाही, यात किती मोठी सुटका आहे, ते मला त्या मांडीवर कळलं. आता मी रोज हात जोडते. मागत काही नाही. कॅप्टन साहेबांचं नाव घेते, आईचं घेते, आणि मनगटावर ओरखडे घेऊन गेलेल्या त्या बोसनचं घेते.

निघताना काकू आत गेल्या आणि नारळ, तांदूळ, खण घेऊन आल्या. दारातच थबकल्या. कपाळ मोकळं होतं. "मी ओटी भरली तर चालेल ना तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांच्यापुढं पदर पसरला.