कंबरदुखीच्या पुडीची किंमत

पार्से गावच्या त्या सासूचं उत्तर मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "वखद? कसलें वखद, सायबा? सुनेक आमी फकत रानांतलीं मुळां दितात."

वखद म्हणजे औषध. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि मी पेडण्यात पोलीस उपनिरीक्षक होतो. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा सकाळीच फोन आला. या सासूच्या सुनेला आठवा महिना लागला होता आणि बाळाभोवतीचं पाणी कमी झालं होतं. कारण सापडत नव्हतं. 'काही औषध घेतेस का?' असं बाईंनी तीनदा विचारलं, तीनदा 'नाही' आलं. मग सुनेच्या पिशवीतून करड्या पुडीची पुडकी घरंगळली.

मी इस्पितळात गेलो. "यात काय आहे ते मला आजच हवंय," बाई म्हणाल्या. "बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे."

पुडी कंबरदुखीवर म्हणून आठवड्याच्या बाजारातून आणली होती. सासूनं विकणाऱ्याचं वर्णन अचूक सांगितलं. दुपारपर्यंत तो वैद्य त्याच्या पत्र्याच्या पेटीसकट ठाण्यात होता. पेटीत चाळीस पुड्या. प्रयोगशाळेचा अहवाल यायला कित्येक आठवडे लागले असते.

माझा स्वभाव तापट. मी टेबलावर हात असा आपटला की चहाचा ग्लास स्टेशन डायरीवर आडवा झाला. वैद्यानं डोळे मिटले आणि एकच धोशा लावला, "शुद्ध मुळां, सायबा. शुद्ध मुळां."

ओरडून काही होईना. माझी आई बाजारात भाजी विकायची. तिच्या शेजारी बसून मी एक गोष्ट शिकलो होतो. गिऱ्हाईक मालाला नावं ठेवू लागलं की विकणारा आपणहून मालाची जात सांगतो. पंचनाम्यात जप्त मालाची अंदाजे किंमत लिहावी लागते. पंच समोर बसलेच होते.

मी हवालदाराला म्हणालो, "लिहा. करडी माती, पुड्या चाळीस. एकूण किंमत दोन रुपये."

वैद्यानं डोळे उघडले. "दोन रुपया? एक पुडी पांच रुपयांक विकतां हांव!"

"मातीचे पाच? हे दोन कागदाचे धरलेत."

हवालदार मुरलेला. "साहेब, कागद रद्दीतला आहे. दीड लिहू?"

"माती म्हणूं नाकात!" वैद्य उठून उभा राहिला. "मातयेन कोणाची कंबर बरी जाता?"

"अरे, मुळं रानात फुकट मिळतात. मी किंमत कशाची लावू?"

"मुळां फुकट! आनी गोळयो कोण फुकट दिता?"

हवालदाराचं पेन थांबलं. वैद्यही थांबला, पण उशीर झाला होता. पेटीच्या तळाशी अंथरलेला कागद मी उचलला. खाली दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती.

मी फोनवर गोळीचं नाव एकेक अक्षर करून वाचलं. "सापडलं!" बाई ओरडल्याच. या गोळ्यांनी शेवटच्या महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी घटू शकतं. पुडी तिथंच बंद झाली. सुनेला देखरेखीखाली ठेवलं. चौथ्या दिवशी फोन आला, "पाणी वाढतंय!" ठाण्यात मी सगळ्यांना चहा पाजला, आणि मी सहसा पाजत नाही.

सासू मात्र आता दुसऱ्या टोकाला गेली. तिनं डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही फेकून दिल्या. बाईंनी माझ्यादेखत तिला झापलं. "मी दिलेलं चालूच ठेवायचं. काहीही सुरू करताना किंवा बंद करताना आधी मला विचारायचं. आणि नुसती मुळं असती तरी विचारायचंच. झाडपाला म्हणजे निर्धोक, असं नसतं."

प्रशस्तिपत्र वरिष्ठांना मिळालं. ते त्या दिवशी पणजीत होते. माझ्या अहवालात 'तापट' असा शेरा आला. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

दिवस पूर्ण भरून सुनेला मुलगी झाली, ठणठणीत. सासू खाज्याचा डबा घेऊन ठाण्यात आली. नेमका त्याच वेळी जामिनावर सुटलेला वैद्य हजेरीची सही करायला आला होता. तिनं सगळ्यांना खाजं वाटलं आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आता जुंपणार म्हणून हवालदार उठलाच.

"खा रे," ती म्हणाली. "हातूंत कितें आसा तें हांव आदींच सांगतां. चण्याचें पीठ, गूळ, आलें, तीळ. लिपयल्लें कांय ना!"

'लपवलेलं काही नाही' हे ऐकून ठाणं हसून हसून लोळलं. वैद्यानं मान खाली घालून खाजं खाल्लं.

ती सासू खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी मुळं हे औषधच नव्हतं, आणि आम्ही विचारत होतो औषधाबद्दल. त्यानंतर चौकशीत मी मोघम शब्द सोडला आणि एकेक वस्तू नाव घेऊन विचारू लागलो. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. गोळी, काढा, लेप, पूड, मूळ, जे जे घेतलं असेल ते पुडीसकट त्यांच्या टेबलावर ठेवा.